तीन अधिक तीन बरोबर दीड

मंडळी, गेले दोन वीकेंड ब्लॉगला दांडी मारली. एका वीकेंडला ऑफिसात रिलीज होता (प्रॉडक्शनची पूजा, रात्री तीनचा पिझ्झा, बाकी तुम्हाला माहीतच आहे) आणि दुसऱ्या वीकेंडला आजोळी जाऊन आलो. आजोळ म्हणजे अहेरी. गडचिरोली जिल्ह्यात, अगदी दक्षिणेकडे. पुण्यात हे नाव घेतलं की समोरचा आधी नकाशा काढतो आणि मग काळजीने विचारतो, "तिकडे सेफ असतं का रे?" असो.

तर अहेरीला मामाच्या घरी एक जुना ट्रान्झिस्टर आहे. मिडियम वेव्ह, शॉर्ट वेव्ह आणि एफएम, असे तीन पट्टे. त्याच्या मागचं झाकण केव्हाच हरवलंय, सेल रबरबँडने धरून ठेवलेत. तो पाहिला आणि मला एकदम २००९ चा पावसाळा आठवला.

तेव्हा मी सातवीत होतो. आई आणि मी अहेरीला आलो आणि पाऊस असा लागला की चंद्रपूरचा रस्ताच बंद. चार दिवस लाइट नाही, फोन नाही. आजीच्या बीपीच्या गोळ्या संपत आलेल्या, आणि इथल्या दुकानात त्या नेमक्या मिळेनात. बाबा चंद्रपूरला. रस्ता उघडला की नाही एवढंच आम्हाला कळायला हवं होतं. मामा रोज संध्याकाळी एफएमचा काटा १०३ वर न्यायचा. १०३ मेगाहर्ट्झ म्हणजे आकाशवाणी चंद्रपूर. कान लावून बसायचा. नुसती खरखर. मग पट्टा बदलून मिडियम वेव्हवर नागपूर. ते मात्र लागायचं, कधी स्वच्छ, कधी विजांच्या कडकडाटासकट.

पाचव्या दिवशी बाबाच गोळ्या घेऊन आले, एसटी, ट्रॅक्टर आणि पायी असं करत. आजी ठणठणीत राहिली. पुढे मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमला ॲडमिशन घेतली तेव्हा मामाने पहिला प्रश्न विचारला: "काऊन रे, तू आता रेडिओचा इंजिनिअर होणार ना? मंग सांग, दूरचं नागपूर लागते आन् जवळचं चांदा काऊन नाही लागत?"

मी ऐटीत सांगून टाकलं, "मामा, चंद्रपूरची पॉवर कमी आहे."

हे उत्तर चुकीचं होतं. म्हणजे पॉवर कमी होती हे खरं, पण कारण ते नव्हतं. चार वर्षं शिकलो, डिग्री घेतली, जावा लिहायला लागलो, आणि मामाचं उत्तर तसंच राहिलं. या लेखात ते फेडायचा विचार आहे. वाटेत पॉवर ॲम्प्लिफायर आणि दोन ॲम्प्लिफायर जोडायची कला यांचा थोडा इतिहास येईल. घाबरू नका, स्मिथ चार्ट काढणार नाही. :-)

नागपूरचा आवाज

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं. स्वातंत्र्याला वर्षही झालं नव्हतं आणि नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं. गडचिरोली नावाचा जिल्हाच नव्हता, तो २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. सगळा मिळून एकच चांदा जिल्हा, भंडाऱ्याच्या हद्दीपासून थेट गोदावरीपर्यंत. एवढ्या मोठ्या जंगलात आवाज पोचवायचा तर मिडियम वेव्हला पर्याय नव्हता.

नागपूरचं मुख्य मिडियम वेव्ह स्टेशन ५८५ किलोहर्ट्झवर आणि पुढे त्याची शक्ती झाली ३०० किलोवॉट. ५८५ किलोहर्ट्झच्या लाटेची लांबी पाचशे मीटरहून जास्त भरते. इतकी लांब लाट जमिनीला धरून चालते, पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळते, आणि रात्री वरच्या आयनांच्या थरावरून परावर्तित होऊन आणखी दूर जाते. सागाची झाडं, टेकड्या, हे तिच्या खिजगणतीत नसतं. नागपूरपासून सिरोंचा सरळ रेषेत दोनशे सत्तर किलोमीटर आहे, भामरागड अडीचशे. तिथपर्यंत आवाज न्यायचा एक मार्ग म्हणजे नागपूरलाच प्रचंड शक्ती ओतायची.

या विचाराचं टोक १९८८ मध्ये गाठलं गेलं. १८ मे १९८८ ला आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. रात्रभर चालणारी, देशभर ऐकू जाणारी, नागपूरहून १५६६ किलोहर्ट्झवर आणि शक्ती १००० किलोवॉट. म्हणजे एक मेगावॉट. देशाच्या मध्यावर एक मोठा दिवा लावायचा आणि उजेड कानाकोपऱ्यात पाडायचा. कल्पना भव्य होती, पण वीजबिलही तितकंच भव्य असणार हे उघड आहे. डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय वाहिनी बंद करण्याचा निर्णय झाला. गेल्या काही वर्षांत देशातले मिडियम वेव्हचे अनेक ट्रान्समीटरही बंद झाले.

चांद्याचे दोन भाऊ

मेगावॉटची तयारी चालू होती त्याच काळात आकाशवाणीत अगदी उलटा विचारही सुरू झाला होता. १९७७ मध्ये मद्रासला देशातलं पहिलं एफएम प्रसारण सुरू झालं. १९८४ मध्ये नागरकोईलला पहिलं स्थानिक केंद्र निघालं. स्थानिक केंद्र म्हणजे एका जिल्ह्यापुरतं, तिथल्या माणसांचं, तिथल्या बोलीतलं, शेतकऱ्याला त्याच्याच तालुक्याचं सांगणारं. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात अशी बरीच केंद्रं झाली: अहमदनगर, बीड, सातारा, नांदेड, यवतमाळ, धुळे, आणि आपलं चंद्रपूर.

आकाशवाणीच्या याद्यांमध्ये यातल्या अनेक केंद्रांपुढे शक्ती लिहिलेली दिसते ६ किलोवॉट. चंद्रपूरपुढेही तेच. मी कॉलेजात असताना समजायचो की आत एक सहा किलोवॉटचं कपाट असेल. पण त्या पिढीतला हा संच मुळात २×३ असा असायचा. तीन किलोवॉटचे दोन स्वतंत्र ट्रान्समीटर आणि मध्ये त्यांना जोडणारा एक कंबायनर. भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि बडोद्याची गुजरात कम्युनिकेशन्स अँड इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपन्यांनी ते देशातच बनवले. पहिले टप्पे ट्रान्झिस्टरचे आणि शेवटचा, ताकदीचा टप्पा टेट्रोड व्हॉल्व्हचा.

आता तुम्ही म्हणाल, सहाचा एकच का नाही बनवला? दोन कपाटं, दोन पंखे, दोन पॉवर सप्लाय, वर जोडणीची कटकट. कशासाठी?

तुम्ही आयटीवाले असाल तर उत्तर जिभेवर आलंच असेल: रिडंडन्सी! एक सर्व्हर मेला तर दुसरा चालू. बरोबर. पण इथे एक गंमत आहे आणि ती मला स्वतःचे पैसे जाळून कळली.

टी-जॉइंटची फजिती

फायनल इयरला मी आणि माझा पार्टनर, आम्ही एक छोटा व्हीएचएफ ॲम्प्लिफायर केला होता. अँटेना नाही, सगळं डमी लोडवर, म्हणजे अँटेनाच्या जागी पन्नास ओहमचा जाड रेझिस्टर. एका ट्रान्झिस्टरमधून पाचेक वॉट निघाले. छाती फुगली. पार्टनर म्हणाला, दोन करू, दहा निघतील. दोन सारखे बोर्ड केले, दोघांना एकच इनपुट, आणि दोघांचं आउटपुट एका टी-कनेक्टरला जोडून डमी लोडला. ऑन केलं. मीटरवर चार वॉट. एकाचे पाच आणि दोघांचे चार! "मॅचिंग बघ" असं पार्टनर म्हणेपर्यंत एका बोर्डातून तो ओळखीचा वास आला. बोर्ड बंद करायला हात पुढे केला तर दुसराही गेला. दोन ट्रान्झिस्टर, प्रत्येकी अडीचशे रुपये, मेसचं महिन्याचं दूध.

चूक काय झाली? पाण्याच्या दोन नळ्या एकत्र केल्या की पाणी दुप्पट येतं, असं आम्ही धरून चाललो होतो. पण रेडिओ फ्रीक्वेन्सीची वीज म्हणजे लाट आहे. पहिल्या ॲम्प्लिफायरला टी-जॉइंटच्या पलीकडे नुसता लोड दिसत नाही, शेजारचा ॲम्प्लिफायरही दिसतो. पहिल्याची शक्ती लोडकडे जाते तशी शेजाऱ्याच्या घरातही घुसते. एक जरा ढिला पडला की दुसऱ्याचा लोड बिघडतो. लोड बिघडला की लाट उलटी फिरते, उलटी फिरलेली लाट ट्रान्झिस्टरला तापवते, तो मरतो. आणि एक मेला की दुसऱ्यासमोरचा लोड आणखीनच बिघडतो. म्हणजे रिडंडन्सी राहिली बाजूला, दोघे मिळून मरायची सोय आम्ही केली होती.

म्हणून मध्ये हायब्रिड कंबायनर लागतो. हायब्रिड हा शब्द टेलिफोनवाल्यांचा. एकाच तारेच्या जोडीवर बोलणं आणि ऐकणं चालतं, तरी आपलाच आवाज आपल्या कानात धडकू नये म्हणून ते एक खास ट्रान्सफॉर्मर वापरत, त्याचं नाव हायब्रिड. तीच कल्पना पुढे रडार आणि रेडिओत आली. १९६० साली अर्नेस्ट विल्किन्सन या इंजिनिअरने तिचं फार सुटसुटीत रूप मांडलं, जे आजही प्रत्येक मायक्रोवेव्हच्या पुस्तकात असतं. पाव लाटेएवढ्या लांबीच्या दोन तारा, आणि दोन इनपुटच्या मध्ये एक रेझिस्टर. बस.

या रेझिस्टरमध्ये सगळी गोम आहे. गणिताने सिद्ध होतं की तीन तोंडांचं असं साधं उपकरण, जे काहीच वाया घालवत नाही आणि तिन्ही बाजूंनी जुळतं, ते बनूच शकत नाही. कुठेतरी काहीतरी सोसणारं कुणीतरी हवं. ते काम हा रेझिस्टर करतो. दोघे ॲम्प्लिफायर सारख्या ताकदीचे आणि एका पावलावर चालत असतील तर रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज, त्यातून काहीच वाहत नाही, तो थंड बसून राहतो. पाऊल चुकलं की जेवढा फरक तेवढी शक्ती तो स्वतःत जाळतो. आणि मुख्य म्हणजे एका ॲम्प्लिफायरला दुसरा दिसतच नाही. शेजारी मेला तरी याचा लोड तोच, पन्नास ओहम.

मोठ्या ट्रान्समीटरमध्ये हा रेझिस्टर बोटाएवढा नसतो. किलोवॉट सोसायचे म्हणजे पंखा किंवा पाणी लावून थंड केलेलं चांगलं मोठं प्रकरण असतं. इंजिनिअर लोक त्याला बॅलास्ट लोड म्हणतात.

पाऊल चुकलं तर

एका पावलावर चालणं म्हणजे किती? १०३ मेगाहर्ट्झची लाट हवेत २ मीटर ९१ सेंटीमीटर लांब. नेहमीच्या प्लॅस्टिक भरलेल्या केबलमध्ये ती आखडून दोन मीटरच्याही थोडी आत येते. दोन ट्रान्समीटरपासून कंबायनरपर्यंतच्या केबलींमध्ये पाच सेंटीमीटरचा फरक राहिला तर पाऊल साधारण दहा अंशांनी चुकतं. त्याने फार बिघडत नाही, एक टक्क्याच्याही आत शक्ती बॅलास्टमध्ये जाते. सहा हजार वॉटमधले पन्नासेक. पण फरक वाढत गेला तर नुकसान झपाट्याने वाढतं. साठ अंशाला पाव शक्ती गेली. नव्वद अंशाला अर्धी. आणि केबल जेमतेम एक मीटरने लांब झाली तर एकशेऐंशी अंश: दोन्ही ट्रान्समीटर पूर्ण ताकदीने घाम गाळतायत, सगळेच्या सगळे सहा किलोवॉट बॅलास्टमध्ये, आणि अँटेनावर शून्य. मीटरवर दोन्ही कपाटं ठणठणीत, आणि गावात खरखर.

आता ते टायटल. समजा, रात्री चंद्रपूरसारख्या एखाद्या केंद्रावर एका ट्रान्समीटरचा व्हॉल्व्ह गेला. किती शक्ती उरेल? आयटीतला माणूस म्हणेल, सहातले तीन गेले, तीन उरले. लोड बॅलन्सरच्या मागे दोन सर्व्हर, एक गेला, अर्धी क्षमता.

उरतात दीड!

कारण कंबायनरला दोघांची सवय आहे. समोरून तोलायला कुणी नसलं की जिवंत ट्रान्समीटरच्या तीन किलोवॉटमधले अर्धे अँटेनाला आणि अर्धे बॅलास्टला जातात. सहाचे दीड, म्हणजे पाव. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला डिझाइनमधली चूक वाटली होती. जो जगलाय त्याच्या अर्ध्या मेहनतीचं पाणी? पण जरा थांबून बघितलं तर हीच त्या डिझाइनची खरी कमाई आहे. ते दीड किलोवॉट जाळून आपण उरलेल्याचा जीव वाचवला. माझ्या टी-जॉइंटमध्ये दुसराही मेला होता. इथे दुसरा शांतपणे चालू राहतो, गावात आवाज थोडा बारीक होतो, पण बातम्या बंद पडत नाहीत. शक्ती पाव झाली तरी सिग्नलचं क्षेत्र निम्मंच होतं, आणि जवळच्या गावातल्या ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा कळतही नाही. मग ड्यूटीवरचा इंजिनिअर केबलची अदलाबदल करून कंबायनर बाजूला काढतो आणि जिवंत ट्रान्समीटर थेट अँटेनाला जोडतो. दीडचे पुन्हा तीन.

व्हॉल्व्ह बदलायचा तर सुटा भाग कुठूनतरी दुरून यायचा. मधल्या दिवसांत केंद्र बोलत राहायला हवं. शहरात दोन ट्रान्समीटर ही चैन असेल, जंगलाच्या दारात ती गरज आहे. ज्याने २×३ ठरवलं त्याने हा हिशोब केला होता असं मला वाटतं.

पुढच्या पिढीने हीच कल्पना ताणली. आता एफएमच्या पट्ट्यात एकच ट्रान्झिस्टर हजार वॉटच्या वर देतो. तरीही मोठे ट्रान्समीटर अनेक मॉड्यूल जोडूनच करतात. सूत्र तेच: सोळातलं एक गेलं तर पंधरा भागिले सोळा, त्याचा वर्ग. म्हणजे ८८ टक्के उरतात. जितके जास्त खांदे, तितका एकाचा धक्का कमी. पण प्रत्येकाने पावलाला पाऊल मिळवायची अट मात्र सुटत नाही.

मग मामाला का नाही लागलं?

इतका वेळ पॉवरबद्दल बोललो, आता पॉवरचा फुगा फोडतो.

१०३ मेगाहर्ट्झची तीन मीटरची लाट नागपूरच्या पाचशे मीटरच्या लाटेसारखी जमिनीला धरून चालत नाही. ती जवळपास सरळ जाते, आणि पृथ्वी गोल आहे. समजा, अँटेना जमिनीपासून शंभर मीटर उंच आहे. तिचं रेडिओ क्षितिज येतं एक्केचाळीस किलोमीटरवर. ऐकणारा माडीवर बसला तर आणखी आठेक किलोमीटर. म्हणजे पन्नास. त्यापुढे थोडं झिरपतं, पण वेगाने विरत जातं, आणि मध्ये जंगल आणि टेकड्या आल्या की आणखी लवकर.

चंद्रपूरहून गडचिरोली गाव सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटर. अहेरी नव्वदच्या वर. भामरागड आणि सिरोंचा दीडशेच्या आसपास. सहाचे बारा किलोवॉट केले असते तरी पृथ्वी सरळ झाली नसती. शक्ती चौपट केली तेव्हा कुठे क्षेत्र दुप्पट होतं, आणि क्षितिजापलीकडे दुप्पट क्षेत्र म्हणजे फार तर काही किलोमीटर. मामाच्या माडीवरची खरखर ही कुणाची चूक नव्हती, भूमिती होती. चंद्रपूरचे ते दोन भाऊ इमानाने एका पावलावर चालत होते, पण त्यांची हद्द मुळातच मूल-सावलीच्या आसपास संपत होती.

हे मला सातवीत नाही, पण कॉलेजात तरी सांगता यायला हवं होतं. "पॉवर कमी आहे" हे उत्तर सोपं असतं, आणि सगळीकडे चालतं. सर्व्हर स्लो? रॅम वाढवा. टीम मागे पडली? माणसं वाढवा. पॉवर वाढवायच्या आधी मध्ये काय आहे ते बघावं, हे शिकायला मला एक डिग्री आणि एक अप्रेझल लागलं.

शंभर वॉट

२८ एप्रिल २०२३ ला आकाशवाणीच्या एक्क्याण्णव छोट्या एफएम ट्रान्समीटरचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. प्रत्येकी १०० वॉटचे. महाराष्ट्रातल्या ठिकाणांत नंदुरबार, हिंगोली, वाशिमबरोबर दोन नावं होती: अहेरी आणि सिरोंचा.

शंभर वॉट! चंद्रपूरच्या सहा किलोवॉटचा साठावा हिस्सा. नागपूरच्या मेगावॉटचा दहा हजारावा. घरच्या एका जुन्या पिवळ्या बल्बएवढा. आज ही शक्ती एकटा ट्रान्झिस्टर हसत हसत देतो, कंबायनरची गरजच नाही. आवाका पंधरा-वीस किलोमीटर. पण हा बल्ब मामाच्या गावात लागलाय. जे मेगावॉटला आणि किलोवॉटला जमलं नाही, म्हणजे अहेरीत एफएमचा स्वच्छ आवाज, ते शंभर वॉटने केलं.

गावात दुसरा टॉवर आहे मोबाइलचा. २०१४ मध्ये केंद्र सरकारने नक्षलग्रस्त जिल्ह्यांत टू-जी टॉवर उभारायला मंजुरी दिली, त्यातले बरेच सौर ऊर्जेवर चालणारे. एप्रिल २०२२ मध्ये ते फोर-जी करायचं ठरलं. आणि इथे ॲम्प्लिफायर जोडण्याची दुसरी, जुनी गोष्ट पुन्हा भेटते.

१९३६ साली बेल लॅबमधल्या विल्यम डोहर्टीने एक युक्ती मांडली. तेव्हाच्या मोठ्या एएम ट्रान्समीटरचा शेवटचा टप्पा खाल्लेल्या विजेतली जेमतेम एक तृतीयांश अँटेनाला देई, बाकी उष्णता. कारण ॲम्प्लिफायर आवाजाच्या शिखरासाठी बांधायचा आणि शिखर येतं क्वचित. उरलेला वेळ हत्ती बांधून मुंगीचं ओझं. डोहर्टीने दोन ॲम्प्लिफायर घेतले. एक कायम राबणारा. दुसरा झोपलेला, फक्त शिखर आलं की उठणारा. पाव लाटेच्या तारेने दोघांना असं जोडलं की दुसरा उठला की पहिल्याचा लोड आपोआप हलका व्हावा. विल्किन्सनच्या जोडणीत शेजारी एकमेकांना दिसत नाहीत. डोहर्टीच्या जोडणीत ते मुद्दाम एकमेकांना जाणवतात. कार्यक्षमता साठ टक्क्यांपर्यंत गेली, आणि १९३८ मध्ये अमेरिकेत लुईव्हिलच्या डब्ल्यूएचएएस केंद्रावर पन्नास किलोवॉटचा असा ट्रान्समीटर चढलाही.

पुढे ही युक्ती मागे पडली. मग मोबाइल आला. फोर-जीच्या सिग्नलमध्येही तीच भानगड: सरासरी शक्ती शिखराच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी. आणि डोहर्टी परत आला. आज जगभरातल्या मोठ्या बेस स्टेशनमध्ये त्याचीच जोडी बसलेली असते.

जंगलात याचा अर्थ काय होतो त्याचा एक हिशोब करून बघा. समजा, अँटेनाला चाळीस वॉट द्यायचेत. ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता वीस टक्के असेल तर दोनशे वॉट खाईल, पंचेचाळीस टक्के असेल तर नव्वदच्या आत. चोवीस तासांत फरक पडतो अडीच युनिटहून जास्त. पुण्यात अडीच युनिट म्हणजे काहीच नाही. पण आठ दिवस सूर्य न दिसलेल्या श्रावणात, सोलर पॅनल आणि बॅटरीवर चालणाऱ्या टॉवरला, अडीच युनिट म्हणजे रात्री नेटवर्क असणं किंवा नसणं. आजीच्या गोळ्यांचा फोन लागणं किंवा न लागणं.

फेड

या वेळी माडीवर बसून मामाला हे सगळं सांगितलं. क्षितिज समजवायला कलिंगड वापरलं, आणि नंतर ते खाल्लं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे जोर नाही, जवळ पाहिजे होता. एवढं सांगाले बारा वर्सं लागले तुले?"

मग थोड्या वेळाने त्याने खरा इंजिनिअरचा प्रश्न विचारला. "आन् हा जवळचा बंद पडला तं?"

२×३ वाल्या केंद्राकडे याचं उत्तर होतं. तीन अधिक तीन बरोबर दीड, पण शून्य नाही. एकट्या ट्रान्समीटरकडे, एकट्या टॉवरकडे ते उत्तर नसतं. तिथे एक गेला की गणित संपतं. जवळ आणणं आम्हाला जमलं, स्वस्तात आणि कमी विजेत जमलं. पण जवळच्याला जोडीदार द्यायचा की नाही, हा निर्णय ट्रान्झिस्टर घेत नाही. तो कुणीतरी कागदावर बसून घ्यायचा असतो, आणि त्या माणसाला अहेरीचा पाऊस माहीत असला तर बरं.

मी "बघतो" म्हणालो. मामाने ट्रान्झिस्टर खाली आणून सेल काढले, पुसले, परत बसवले आणि रबरबँड नवीन लावला. एफएमवर काटा ठेवून झाल्यावर त्याने सवयीने पट्टा बदलून मिडियम वेव्हही एकदा फिरवून बघितला.

चला, सोमवार आला. पुढच्या वीकेंडला भेटू.